पाव जनावर घेताना: हँगिंग वेट, कट शीट आणि आपला रस्सा

अमेरिकेत रँचवरून, म्हणजे गुरं पाळणाऱ्या शेतावरून, थेट पाव किंवा अर्ध्या जनावराचं बीफ घ्यायचं ठरलं की पहिला प्रश्न भावाचा असतो. समजा रँचर म्हणाला, पौंडाला साडेचार डॉलर. ऐकणारा लगेच हिशेब करतो: दुकानातल्या चांगल्या खिम्याहून हे स्वस्त, आणि याच भावात स्टेकही येणार. महिन्या-दोन महिन्यांनी खोके घरी येतात, वजन भरतं अपेक्षेपेक्षा बरंच कमी, आणि मग रँचरवर नाहीतर बुचरवर संशय जातो. बहुतेक वेळा दोघांनीही काही लपवलेलं नसतं. साडेचारचा भाव कुठल्या वजनाचा आहे, हे कुणी विचारलेलंच नसतं.

एका जनावराची वजनं तीन. पहिलं उभ्या जनावराचं. दुसरं, डोकं, कातडं, खूर आणि पोटातलं सगळं काढून दोन फाळ्या आकड्याला टांगल्यावरचं; यालाच सगळे हँगिंग वेट म्हणतात. तिसरं, पाकिटं बांधून तुमच्या फ्रीझरमध्ये जातं ते. धान्यावर तयार केलेला १,३०० पौंडांचा स्टीअर, म्हणजे खच्ची केलेला गोऱ्हा, टांगल्यावर साधारण ८०० पौंड भरतो. त्यातलं हाड, जादा चरबी आणि मुरवताना उडालेलं पाणी वजा जाता पाकिटांत येतात ५२० पौंडांच्या आसपास. म्हणजे उभ्या वजनाचे साठ-बासष्ट टक्के टांगलेले, आणि टांगलेल्याचे साठ ते सत्तर टक्के घरी. नुसत्या गवतावर वाढलेलं जनावर पहिल्या पायरीलाच कमी भरतं, पंचावन्न ते अठ्ठावन्न टक्के. होल्स्टीनसारख्या दुधाळ जातीचा गोऱ्हाही कमीच भरतो, कारण त्याची हाडं मोठी आणि अंगावर मांस कमी.

आता भाव मांडू. हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या भागातले बदलून घ्या. पाव जनावराचं हँगिंग वेट २०० पौंड. रँचरला ४.५० प्रमाणे ९०० डॉलर. बुचरची कापणी-बांधणी १.२५ प्रमाणे २५० डॉलर, आणि हीसुद्धा हँगिंग वेटवरच लागते. कत्तलीची फी वेगळी, ती संपूर्ण जनावराला १२० असेल तर तुमच्या वाट्याला ३०. एकूण १,१८० डॉलर. घरी आलेलं मांस १३० पौंड. पौंडाला पडले नऊ डॉलर आणि वर आठ सेंट. खिमा, स्टेक, नळी, फासळ्या, सगळ्याला हाच एक भाव. म्हणून हा व्यवहार कुणाला परवडतो ते घरात काय शिजतं त्यावर ठरतं. फक्त खिमा खाणाऱ्या घराने या फंदात पडू नये, त्यांना दुकान स्वस्त पडेल. सगळे भाग वापरणाऱ्या घराला मात्र दुकानात या भावात अशा दर्जाचं मांस मिळणं अवघड.

रँचरला म्हणून तीन गोष्टी सरळ विचाराव्यात: हा भाव उभ्या, टांगलेल्या की पाकिटातल्या वजनाचा? बुचरचे पैसे यात धरलेत का? आणि तुमच्या आधीच्या जनावरांचं हँगिंग वेट किती भरलं होतं? तिसऱ्या प्रश्नाला चटकन उत्तर देणारा माणूस सहसा नीट हिशेब ठेवणारा असतो. उभ्या वजनाने विकणारे असतील तर जनावर काट्यावर कधी चढवणार तेही विचारा. भरल्या पोटी तोललेलं जनावर आणि रात्रभर उपाशी ठेवून तोललेलं जनावर यांत सहज चार-पाच टक्क्यांचा फरक पडतो.

वाटेकरी आणि कायदा

गावाकडे चार घरं मिळून बोकड कापतात आणि वाटे घालतात, तीच ही पद्धत. फक्त इथे तिला कायद्याची चौकट आहे आणि ती समजून घ्यावी लागते. यूएसडीएच्या, म्हणजे अमेरिकेच्या कृषी खात्याच्या, तपासनिसाने प्रत्येक जनावर कापण्याआधी आणि कापल्यावर पाहिलेलं असेल, तर त्या मांसावर शिक्का येतो आणि ते सुट्ट्या पाकिटांतही विकता येतं. काही राज्यांची स्वतःची तपासणी असते, टेक्सासची आहे. तिथलं मांस सहसा त्या राज्यातच विकतात. तिसरा प्रकार कस्टम एक्झेम्प्ट. इथे कत्तलखान्याची स्वच्छता तपासली जाते, पण प्रत्येक जनावरामागे तपासनीस उभा नसतो. हे मांस फक्त जनावराचा मालक, त्याच्या घरची माणसं, नोकर आणि फुकट जेवणारे पाहुणे यांच्यासाठी असतं. प्रत्येक पाकिटावर 'नॉट फॉर सेल' असं छापलेलं असतं.

यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते. कस्टम एक्झेम्प्टमध्ये तुम्ही मांस विकत घेत नाही, जिवंत जनावराचा हिस्सा घेता. चार मराठी घरांनी मिळून एक जनावर घ्यायचं असेल तर चारही नावं जनावर कापण्याआधी रँचर आणि बुचरकडे नोंदलेली हवीत. एकाने अर्धं घ्यायचं आणि नंतर व्हॉट्सॲपवर 'कुणाला हवंय का, पौंडाला इतके' असं टाकायचं, हे कायद्यात बसत नाही. ताटाचे पैसे घेऊन होणाऱ्या सहलीला हे मांस वापरणंही बसत नाही. वाटेकरी आधी ठरवा, पैसे प्रत्येकाने रँचरला स्वतंत्र द्यावेत, म्हणजे नंतर कटकट राहत नाही.

प्राइम, चॉइस, सिलेक्ट ही प्रतवारी ऐच्छिक असते आणि तिचे वेगळे पैसे पडतात. लहान कत्तलखान्यांत ती बहुधा नसतेच. त्यामुळे 'आमचं सगळं प्राइमच असतं' हे रँचरचं वाक्य त्याचं मत म्हणून ऐकावं. 'ग्रास-फेड' शब्दाचंही तसंच आहे. यूएसडीएच्या बाजार विभागाने त्याचं स्वतःचं प्रमाण जानेवारी २०१६मध्ये मागे घेतलं. शब्दावर विसंबू नये, शेवटचे शंभर-सव्वाशे दिवस जनावराने काय खाल्लं ते विचारावं. शेवटच्या टप्प्यात मका खाल्लेलं जनावर मऊ, चरबीदार आणि चवीला सौम्य. अखेरपर्यंत गवतावर राहिलेलं जनावर चवीला उग्र, कमी चरबीचं, आणि त्याची चरबी पिवळसर. महाराष्ट्रात 'मोठ्याचं' म्हणून ज्यांनी म्हशीचं मांस खाल्लंय त्यांना ही पिवळी चरबी खटकते, कारण म्हशीची पांढरीशुभ्र असते. मांस खराब झालेलं नसतं. गवतातलं कॅरोटीन गाईच्या वंशातल्या जनावराच्या चरबीत उतरतं, म्हशीच्या उतरत नाही, एवढंच.

वयाचा प्रश्नही टाळू नका. धान्यावरचं जनावर दीड वर्षाच्या आसपास तयार होतं, गवतावरच्याला दोन ते अडीच वर्षं लागतात. आणि तीस महिन्यांची रेघ महत्त्वाची आहे. मॅड काउ रोगाच्या नियमांमुळे तीस महिने किंवा त्याहून मोठ्या जनावराचा मेंदू, मज्जारज्जू आणि पाठीचा कणा खाण्यात येऊ द्यायचा नाही. कणा गेला की टी-बोन, म्हणजे कण्याच्या टी-आकाराच्या हाडासकटचा स्टेक, गेला आणि मानेचे हाडासकट तुकडेही गेले. शेपूट या नियमातून सुटलेलं आहे, ते मिळतं. वयाचा कागद नसेल तर कत्तलखान्यात दात बघून ठरवतात, बैलबाजारात बघतात तसेच: दोनदाती असेपर्यंत ठीक, पक्क्या दातांची दुसरी जोडी फुटायला लागली की जनावर तीस महिन्यांवरचं धरतात. गवतावरचं जनावर घेत असाल आणि हाडासकट मान हवी असेल, तर रँचरला जन्माचा महिना विचारूनच हो म्हणा.

ब्राह्मण रक्त आणि मुरवण्याचे दिवस

टेक्सास, लुइझियाना, फ्लोरिडाच्या उन्हात निव्वळ अँगस किंवा हेरफर्ड जातीची गुरं तगतात, पण कष्टाने. म्हणून तिकडच्या कळपांत ब्राह्मण (Brahman) नावाच्या वशिंडाच्या गुरांचं रक्त भरपूर. ही अमेरिकन ब्राह्मण जात घडली ती हिंदुस्थानातून, काही ब्राझीलमार्गे, आलेल्या वळूंपासून: गीर, गुजरातची कांकरेज, आंध्रची ओंगोल, आणि आपल्या कृष्णाकाठची कृष्णा व्हॅली. वशिंड, लोंबती पोळी, सैल कातडं हे सगळं तिथून गेलेलं. ब्रँगस जातीत तीन अष्टमांश ब्राह्मण आणि पाच अष्टमांश अँगस असतं.

खाणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा. जनावर कापल्यावर स्नायूंतले काही पाचक घटक तंतू हळूहळू सैल करत जातात. मांस टांगून मुरवतात ते यासाठीच. वशिंडाच्या जातींत या घटकांना आवर घालणारं कॅल्पास्टॅटिन जास्त असतं, म्हणून त्यांचं मांस मऊ व्हायला जास्त दिवस घेतं आणि तरीही अँगसइतकं मऊ होत नाही. ब्राह्मण रक्त बरंच असेल तर चौदा दिवस तरी टांगायला सांगा. पण इथे दुसरी अडचण उभी राहते. अंगावर चरबीचा थर पातळ असेल तर इतके दिवस टांगल्यावर बाहेरचं मांस सुकून काळं पडतं आणि बुचर ते छाटून टाकतो. गवतावरच्या सडपातळ जनावराला म्हणूनच सात ते दहा दिवस पुरेत. जाड चरबीच्या अँगसला चौदा ते एकवीस. हँगिंग वेट मात्र पहिल्याच दिवशी गरम असताना घेतलेलं असतं, त्यामुळे मुरवताना उडालेल्या पाण्याचे पैसे तुम्ही भरलेले असतात. एकवीस दिवस सांगताना हे लक्षात ठेवा. आणि घरात मुख्यतः रस्सा-खिमाच होत असेल तर दहा दिवसांवर जाण्यात अर्थ नाही. मुरवण्याचा फायदा स्टेकला होतो, तीन तास रटरटणाऱ्या नळीला नाही.

कट शीट: खरी खरेदी इथे होते

बुचर तुम्हाला एक फॉर्म देतो किंवा फोनवर विचारत जातो: स्टेक किती जाड, रोस्ट, म्हणजे अख्खे शिजवायचे मोठे तुकडे, किती पौंडाचे, खिमा किती चरबीचा. हा फॉर्म अमेरिकन स्वयंपाकघर डोळ्यांपुढे ठेवून बनवलेला असतो. रकाने तसेच सोडले तर ज्या भागांसाठी आपण एरवी वणवण करतो नेमके तेच भाग खिम्यात जातात. नळी, मान, छोट्या फासळ्या, कधीकधी ब्रिस्केट, म्हणजे छातीचं मांससुद्धा. 'काही सांगितलं नाही म्हणजे दळून टाका' हा तिकडचा रिवाज आहे. म्हणून प्रत्येक रकाना भरा, आणि ज्याचा रकानाच नाही ते खाली हाताने लिहा.

शँक, म्हणजे नळी, पुढच्या-मागच्या पायाची पोटरी: दीड ते दोन इंच जाड, हाडासकट आडवी काप. पायासारखा चिकट रस हवा असेल तर याला पर्याय नाही. पाकिटात दोनच काप टाकायला सांगा, कारण गोठलेले काप एकमेकांपासून सुटत नाहीत.

चक, म्हणजे खांदा आणि मानेकडचा भाग, जनावरातला सर्वांत मोठा तुकडा. फॉर्मवर तो तीन-तीन पौंडांचे रोस्ट म्हणून येतो. आपल्या रश्श्याचं मांस इथेच आहे. नुसतं 'स्ट्यू मीट' असं लिहिलंत तर बुचर ते मागच्या मांडीच्या, म्हणजे राउंडच्या छाटणीतून काढतो. त्यात चरबी नाही आणि जोडऊतीही कमी, म्हणून ते शिजून दोऱ्या-दोऱ्यांसारखं कोरडं होतं, आणि घरातला माणूस म्हणतो की रँचचं बीफ चिवट असतं. फॉर्मवर स्पष्ट लिहा: स्ट्यू चकमधूनच, दीड इंचाचे तुकडे, दोन पौंडांचं पाकीट. हाडासकट तुकडे हवे असतील तर बुचरला बँडसॉवर, म्हणजे हाडं कापायच्या यांत्रिक करवतीवर, दोन इंचांचे तुकडे करायला सांगावं लागतं. जे बुचर बकरीही कापतात त्यांना हे कळतं. बाकीच्यांना बिगरहाडाचे तुकडे आणि वेगळी सूप-हाडं असं सांगून तोच परिणाम साधता येतो; भांड्यात दोन्ही एकत्र घातली की झालं. बँडसॉवर कापलेल्या मांसाला हाडाचा भुसा लागलेला असतो, ते शिजवण्याआधी एकदा खळबळून घ्या.

खिमा. पाव जनावराच्या १३० पौंडांत पन्नासेक पौंड खिमाच येतो, त्यामुळे इथली चूक वर्षभर पुरते. तिकडे तो बर्गरसाठी बारीक जाळीतून दोनदा काढतात. अशा खिम्याचा मटार घालून रस्सा केला की गिचका होतो. मोठ्या, तीन अष्टमांश इंचाच्या जाळीतून एकदाच काढायला सांगा. दाणा मोकळा राहतो. कटलेट, पोटॅटो चॉप, कबाब यांसाठी थोडा बारीक हवाच, म्हणून तीन चतुर्थांश जाडा आणि एक चतुर्थांश बारीक अशी वाटणी चांगली पडते. चरबी पंधरा ते वीस टक्के. नव्वद-दहा, म्हणजे दहाच टक्के चरबीचा, मागवणारे पुढे तेल ओतत बसतात. एकेक पौंडाची पाकिटं घ्या आणि चपटी मागा. गोल नळकांडं वितळायला दुप्पट वेळ खातं. खिमा तुमच्याच जनावराचा असेल ना, हेही विचारून घ्या. घाईच्या दिवसांत काही ठिकाणी दोन-तीन गिऱ्हाइकांची छाटणी एकत्र दळली जाते.

राउंडचं काय करायचं, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. टॉप राउंड पाव इंच जाडीचे पातळ काप करून घ्या. वसई-गोव्याकडच्या चिली फ्रायला, पसंद्याला ते उत्तम लागतात. बॉटम राउंड खिम्यात जाऊ द्या. आय ऑफ राउंड अख्खा ठेवला तर पॉट रोस्ट होतो, फक्त सावकाश शिजवावा लागतो.

स्टेकबद्दल थोडक्यात. टी-बोन मागितले तर न्यूयॉर्क स्ट्रिप आणि टेंडरलॉइन वेगळे मिळणार नाहीत, कारण हाडाच्या दोन बाजूंचं तेच मांस आहे. जाडी एक ते सव्वा इंच. पाऊण इंचाचा स्टेक बाहेरून रंग येईपर्यंत आत कोरडा होतो.

फासळ्या, ब्रिस्केट, हँगर (पोटाच्या पडद्याजवळ लोंबणारा मांसाचा तुकडा) यांची संख्या मर्यादित असते आणि वाटेकऱ्यांत कुरबुर याच जागी होते. अर्ध्या जनावरात ब्रिस्केट एक, फ्लँक, म्हणजे पोटाच्या बाजूचा, स्टेक एक. संपूर्ण जनावराला शेपूट एक, जीभ एक, हृदय एक, हँगर एक. पाववाल्याला ब्रिस्केटचा अर्धा तुकडा येतो. कोण शेपूट घेणार, कोण जीभ, हे कट शीट देण्याआधी ठरवा. गोव्याकडची मिठात मुरवलेली जीभ करणारं घर वाटेकऱ्यांत असेल तर जीभ त्यांनाच जावी, हा माझा आग्रह. चार वाटेकऱ्यांत अजून एक सोय करता येते. दोन घरं स्टेक-रोस्ट खाणारी आणि दोन रस्सा खाणारी असतील तर एकाने मागचा पाव आणि दुसऱ्याने पुढचा पाव घ्यावा. रस्सेवाल्यांनी डोळे झाकून पुढचा घ्यावा: चक, ब्रिस्केट, पुढची पोटरी, छोट्या फासळ्या, आणि वर रिबआयही त्याच भागात येतो, कारण अमेरिकन पद्धतीत बाराव्या आणि तेराव्या फासळीच्या मधून काप घेतात. रँचर बहुधा मिसळलेला पावच विकतो, पण अर्धं जनावर दोघांनी घेऊन आपसात अशी वाटणी करायला कुणाची हरकत नसते.

कलेजी, हृदय, गुर्दे, वजडी, नळ्यांची हाडं, गुर्द्याभोवतीची चरबी हे सगळं कापण्याच्या दिवसाआधी कळवावं लागतं. कट शीट दोन दिवसांनी दिली तर हे सगळं कचऱ्याच्या पिंपात गेलेलं असतं. कलेजी मोठी असते, दहा-बारा पौंडांची. अर्ध्या इंचाचे काप करून पौंडाच्या पाकिटांत मागा. धान्यावरच्या जनावराच्या कलेजीत गळू निघालं किंवा कुठल्याही कलेजीत कृमी दिसले तर तपासनीस ती फेकून देतो, त्याला इलाज नाही. वजडी धुऊन द्यायला लहान कत्तलखाने सहसा तयार नसतात. कुणी तयार असेल तर बिनधुतलेली घ्यावी लागेल हे धरून चला, आणि चुना-गरम पाण्याची तयारी घरी ठेवा. नळ्यांची हाडं तीन इंचांची आडवी की उभी चिरून, तेही सांगा; भाजून आतली मज्जा खायची असेल तर उभी.

हलाल हवं असेल तर तो प्रश्न रँचरला विचारून उपयोग नाही, कत्तलखान्याला विचारा. बऱ्याच ठिकाणी कपाळावर बोल्टगन चालवून मग कापतात. धार्मिक पद्धतीला अमेरिकन कायद्यात मुभा आहे, पण ती सोय प्रत्येक लहान कत्तलखान्यात नसते.

तारीख, फ्रीझर, वाहतूक

एप्रिल-मे २०२०मध्ये कोविडमुळे मांसाचे काही मोठे कारखाने बंद पडले तेव्हा लोक लहान कत्तलखान्यांकडे धावले आणि तिथल्या तारखा वर्षभर पुढे गेल्या. आता तितकी चणचण नसली तरी काही महिने आधी नाव घालावं लागतंच. ऑक्टोबर ते डिसेंबर सर्वांत वाईट काळ: गवतावरची जनावरं तेव्हाच तयार होतात आणि शिकारीचे हरणही त्याच बुचरकडे येतात. त्या गर्दीत सविस्तर कट शीटकडे कुणी लक्ष देत नाही. वसंतातली तारीख मिळाली तर घ्या.

फ्रीझरसाठी साधा ठोकताळा: एका घनफुटात पस्तीस ते चाळीस पौंड. पाव जनावराला चार-पाच घनफूट लागतात, म्हणून सातचा चेस्ट फ्रीझर घ्या, म्हणजे हात घालायला जागा राहते. अर्ध्याला दहा-बारा. उभा, आपोआप बर्फ काढणारा फ्रीझर सोयीचा खरा, पण तो बर्फ वितळवण्यासाठी अधूनमधून आत ऊब सोडतो. त्यामुळे पाकिटात बर्फाचे कण साचतात आणि मांस पांढरं, सुकं पडतं. लांब साठवणीला हाताने बर्फ काढायचा चेस्टच बरा. तापमान शून्य फॅरनहाइट, म्हणजे उणे अठरा सेल्सिअस. मांस आणायच्या दोन दिवस आधी तो चालू करून थंड होऊ द्या. वीज गेली तर झाकण उघडू नका: गच्च भरलेला फ्रीझर सुमारे ४८ तास धरतो, अर्धा भरलेला २४. टेक्सासच्या वादळांत हा फरक कळतो, म्हणून रिकामी जागा पाण्याच्या बाटल्यांनी भरून ठेवा.

बुचरकडून मांस दगडासारखं गोठलेलं आलं पाहिजे. मऊ पाकिटं मिळाली तर ताब्यात घेऊ नका, एक दिवस थांबा. घरचा फ्रीझर दिवसाला घनफुटामागे दोन-तीन पौंडच नीट गोठवू शकतो. त्यावर सव्वाशे पौंड मऊ मांस टाकलं तर मधली पाकिटं दिवसेंदिवस तशीच राहतात. ४८ क्वार्टच्या कूलरमध्ये पन्नासेक पौंड बसतात, म्हणजे पावाला तीन कूलर. दोन-तीन तासांच्या प्रवासाला बर्फ लागत नाही. ड्राय आइस वापरलात तर गाडीच्या काचा थोड्या उघड्या ठेवा, बंद गाडीत त्याचा वायू साचतो.

खोके घरी उघडल्यावर प्रत्येक पाकीट कट शीटशी ताडून बघा आणि वजनं लिहा. काही चुकलं असेल तर त्याच आठवड्यात सांगा. महिन्याने सांगून बुचर काही करू शकत नाही. व्हॅक्यूम पाकिटांत हाडाच्या टोकाने सुईएवढं छिद्र पडतं आणि आत हवा शिरते, हे नळी आणि फासळ्यांत फार होतं. अशी सैल पाकिटं हाताला लगेच कळतात. ती वरच्या टोपलीत ठेवून पहिल्या दोन महिन्यांत संपवा. खिमा तीन-चार महिन्यांत चवीला सर्वांत चांगला, व्हॅक्यूममध्ये त्याहून टिकतो. रोस्ट आणि स्टेक वर्षभर उत्तम राहतात. कलेजी आधी संपवावी.

मांस वितळायला फ्रिजमध्येच ठेवा, चार-पाच पौंडांना एक दिवस धरून. ओट्यावर ठेवायचं नाही: आत बर्फ असतानाच बाहेरचा थर जंतू वाढण्याइतका कोमट होतो. घाई असेल तर बंद पाकीट थंड पाण्यात, दर अर्ध्या तासाने पाणी बदलत. फ्रिजमध्ये वितळलेलं मांस बेत बदलला तर पुन्हा गोठवता येतं, फक्त थोडा रस सुटतो. चकचे दीड इंचाचे तुकडे इलेक्ट्रिक प्रेशर कुकरमध्ये पूर्ण दाबावर पस्तीस-चाळीस मिनिटांत होतात, नळीला पन्नास लागतात. गवतावरच्या जनावराला चरबी कमी असल्याने पाणी थोडं जास्त घाला आणि दाब आपोआप उतरू द्या. शिट्टी ओढून वाफ काढली की तंतू आखडतात आणि सगळी मेहनत त्या एका मिनिटात जाते.